बैलाला मिळालेला होकार

शुक्रवार, १ फेब्रुवारी १७४५. स्टेनहूक.

८ नोव्हेंबरच्या नोंदीत माझी एक चूक झाली आहे. ती आधी दुरुस्त करते.

तिथे मी लिहिलं आहे की मोहॉकांच्या वतीने बोलणाऱ्या गिडियनने आम्ही पुढे ठेवलेला मण्यांचा पट्टा उचलला आणि सगळ्या मोहॉक मंडळींनी एका आवाजात 'योहा' असा होकार दिला. तसं झालं नव्हतं. गिडियनने पट्टा उचलला, आडव्या दांडीवर टाकला आणि म्हणाला, "हा आम्ही पाहिला. घरी नेऊन बायकांना दाखवू." त्यावर कुणीच काही बोललं नाही. मग चिटणीस मिस्टर पेनरोज उठले आणि म्हणाले, पाहुण्यांसाठी मागच्या अंगणात अख्खा बैल भाजला आहे. 'योहा' त्यानंतर झालं. होकार बैलाला होता.

आज कच्चे कागद लावताना हे दिसलं. त्यांवर माझ्याच अक्षरात क्रम बरोबर आहे : पट्टा, बैल, योहा. दुसऱ्या दिवशी मी शुद्ध प्रत केली तेव्हा बैल गाळला. सरकारी कागदात बैल शोभत नाही असं वाटलं. बैल गेला आणि होकार पट्ट्याला जाऊन चिकटला. त्याच सकाळी बाबांना झटका आला होता. पण ते कारण म्हणून मी लिहीत नाही, फक्त त्या दिवशी काय काय झालं तेवढंच लिहिते.

ही चूक माझ्या वहीतच राहिली असती तर एका रेघेने मिटली असती. पण तेच वाक्य अहवालात गेलं आहे. आमचे पाच कारभारी दर हिवाळ्यात गव्हर्नरसाहेबांना कळवतात की शेजारच्या मोहॉक जमातीवर किती विसंबावं. यंदा फ्रेंचांशी लढाई आहे, म्हणून तो कागद नेहमीपेक्षा महत्त्वाचा. आमच्या तटबंदीत चाळीस शिपाई आहेत. मोहॉकांच्या पाठीशी आणखी पाच राष्ट्रं उभी आहेत आणि फ्रेंचांकडून येणारी वरची वाट त्यांच्या दारावरून जाते. पट्ट्याने आम्ही त्यांना दोन गोष्टी विचारल्या होत्या : फ्रेंच आले तर खबर द्याल का, आणि आमच्या बाजूने कुऱ्हाड उचलाल का.

मिस्टर पेनरोजना शेवटी एकच शब्द लागतो. भरवसा, शंका किंवा धोका. मी 'भरवसा' लिहिलं.

रविवार, ३ फेब्रुवारी.

परवा अर्धंच लिहिलं. उरलेलं लिहायला दोन दिवस लागले.

अहवालावर सही बाबांची आहे. बाबा अठरा वर्षं इथले दुभाषे आहेत. डोळे अधू झाल्यापासून टिपणं मी घेते, पण मत त्यांचं असतं, शब्द त्यांचे असतात. यंदा झटक्याने त्यांची वाचा गेली आणि उजवा हातही. मिस्टर पेनरोजचा माणूस दारात उभा होता. मी अहवाल बाबांना वाचून दाखवला. त्यांनी डाव्या हाताने कागद दूर सारला. मला वाटलं, उशी टोचते आहे. उशी नीट केली. त्यांनी पुन्हा सारला. मग मी त्यांचा उजवा हात धरला, बोटांत लेखणी दिली आणि सही केली. सही 'केली' असंच लिहायला हवं. 'करवून घेतली' म्हणणं खोटं ठरेल.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं की सही नसली तर बाबांचं काम जाईल, आणि कामाबरोबर हे घर. ते खरंही होतं.

आज देवळात प्रवचन चालू असताना उजव्या कानाने ऐकूच येईना. सप्टेंबरपासून हा कान गच्च आहे. थंडी बाधली असणार.

मंगळवार, १२ फेब्रुवारी.

मिस्टर पेनरोज आले. बर्फातून आले तरी बूट स्वच्छ. माझ्यासाठी दोन दस्ते कोरा कागद आणला.

"अभिनंदन," म्हणाले. "गव्हर्नरसाहेब म्हणतात, इतका सरळ अहवाल या गावातून आजवर आला नव्हता. ८ एप्रिलला बोव्हनकिलची माणसं घरी जातील. तिथली चौकी उठवायची. ते बारा शिपाई खाली समुद्राकडे हवे आहेत."

बोव्हनकिल म्हणजे नदीने वर दोन दिवसांवरची बावीस घरं. लढाईच्या भीतीने शरदात ती रिकामी केली. माझी बहीण हेस्टर तिथलीच. नवरा टूनिस आणि तीन मुलांसह ती ऑक्टोबरपासून आमच्या माळ्यावर राहते आहे. ती जिन्यातूनच ओरडली, "खरंच? चिटणीससाहेब, तुमच्या तोंडात साखर पडो!"

"साखर तुमच्या वडिलांच्या तोंडात घाला," ते म्हणाले. "शब्द त्यांचा आहे."

बाबा खिडकीशी होते. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मिस्टर पेनरोज त्यांना वाकून नमस्कार करून गेले.

मी काही बोलले नाही. बोलायचं ठरवलं होतं. घशाशी काहीतरी अडकल्यासारखं झालं.

बुधवार, १३ फेब्रुवारी.

बर्फ. कच्चे कागद पुन्हा पाहिले. क्रम तोच.

गुरुवार, २८ फेब्रुवारी.

हेस्टरने बियाणं जमिनीवर पसरून निवडायला घेतलं आहे. वाटाणा, घेवडा, कांदा. मुलं घेवड्याच्या दाण्यांनी शिपाई-शिपाई खेळतात आणि ती त्यांना लाटण्याने हाकलते. रात्रीची उरलेली मक्याची कण्हेरी दुधात कालवून माझ्यापुढे ठेवते आणि पहारा देते.

"गीळ."

"भूक नाही, ताई."

"भुकेचं विचारलं नाही. गीळ म्हटलं."

वैद्याने कानासाठी हंसाची चरबी दिली. डोळ्यांसाठीही काहीतरी दिलं. फार कोरडे पडतात. त्याने विचारलं, हे केव्हापासून? मी म्हटलं, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून. तो म्हणाला, त्या आठवड्यात काही झालं होतं का? मी म्हटलं, माझ्या बाबतीत काही नाही.

सोमवार, ११ मार्च.

रेबेकामावशी आली. हा दिवस सविस्तर लिहायला हवा.

रेबेका मोहॉकांच्या वरच्या गावातली. पट्टा नेणारा गिडियन तिचा भाऊ. माझी आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. बाबा सतत फिरतीवर, म्हणून त्यांनी मला दोन हिवाळे तिच्या घरी ठेवलं. लिहिणं मी बाबांकडे शिकले, मोहॉक बोलायला तिच्या चुलीपाशी. तिथे मी तिला आईच म्हणायचे. इथे गावात मावशी म्हणते, लोकांना बरं वाटावं म्हणून.

ती झाडू विकायला आली होती. सहा महिन्यांनी आली. दारातच मला उजेडाकडे वळवून पाहिलं.

"पोरी, तुमच्या गावातला मका संपला का?"

"जेवते मी."

"कावळाही तुझ्याहून जास्त जेवतो."

मग ती बाबांपाशी जाऊन बसली आणि तिच्या भाषेत त्यांच्याशी अर्धा तास बोलली. कुणाची गाय व्याली, कोणाच्या सुनेने नवऱ्याचं सामान दाराबाहेर ठेवलं. मध्येच त्यांच्या गुडघ्यावर थापटी मारून म्हणाली, "हार्मन, जन्मभर दुसऱ्यांचं बोललास. आता स्वतःचं बोलायची वेळ आली तर गप्प बसलास होय?" बाबा अर्ध्या तोंडाने हसले. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा.

मी विचारलं, "मावशी, पट्टा कुठे आहे?"

"दारावर टांगलाय. धूर खातोय."

"उत्तर केव्हा येणार?"

"कोण देणार उत्तर? गिडियनचा घसा बंद. माझे कान बंद. त्या दिवशी तो तुमच्या सभेत किती वेळ नुसता उभा राहिला, पाहिलंस ना?"

पाहिलं होतं. ते माझ्या कच्च्या कागदावर आहे : 'गिडियन सुरुवातीला बराच वेळ न बोलता उभा.' मिस्टर पेनरोज तेव्हा माझ्या कानाशी म्हणाले होते, म्हातारा भाषण विसरला.

"तो वाट पाहत होता," रेबेकामावशी म्हणाली. "घरात माणूस गेलेला असताना बोलणी करायची तर आधी मण्यांचे तीन सर द्यायचे. तुला मीच शिकवलंय. एक सर डोळे पुसायला, एक कान मोकळे करायला, एक घसा. समोरच्याने द्यायचे. समोरच्याने बैल दिला."

इथे मागचं लिहायला हवं. गेलेला माणूस म्हणजे रेबेकामावशीचा मुलगा एसरस. १९ सप्टेंबरला तो संध्याकाळी आमच्या उत्तरेच्या दाराशी आला. पहारेकऱ्याने तीनदा हटकलं, इंग्रजीत. एसरसला इंग्रजी येत नव्हतं. गोळी छातीला लागली. कारभाऱ्यांनी चौकशी करून ठरवलं की पहारेकऱ्याने नियम पाळला. तीन सर पाठवायचा विषय निघाला नाही. बाबांनी काढला होता, पण तो टिपणात घेऊ नका असं सांगण्यात आलं. लहानपणीच्या त्या दोन हिवाळ्यांत एसरस आणि मी एकाच कांबळ्यात झोपायचो. तो माझ्याहून वर्षाने लहान. संदर्भ पूर्ण व्हावा म्हणून हे लिहिलं.

मी म्हटलं, "मग सर मी देते. आईच्या पेटीत मणी आहेत."

"तू कशी देणार? दुखवट्यातल्याने दुखवट्यातल्याचे डोळे पुसायचे नसतात. तुझेच पुसायचे राहिलेत."

मी सांगितलं की मी त्या वेळी रडले नव्हते, त्यानंतरही नाही, त्यामुळे पुसण्यासारखं काही नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "तेच तर." तिला काय म्हणायचं होतं ते लक्षात आलं नाही.

मग मी तो प्रश्न विचारला. "समजा, वरच्या वाटेने फ्रेंच बोव्हनकिलवर निघाले. तुम्ही काय कराल?"

"काही नाही."

"त्यांच्याबरोबर याल?"

"तुझ्या बहिणीच्या पोरांवर? डोकं ठिकाणावर आहे का? काही नाही म्हणजे काही नाही. वाटेने माणसं जातील. आम्ही दारात मका कांडत बसू. खबऱ्या धाडायचा तर त्याला निरोप सांगायला तोंड लागतं, पोरी. ते बंद आहे."

म्हणजे मिस्टर पेनरोजच्या तीन शब्दांत हे बसत नाही. ते शत्रू नाहीत. ते मित्र आहेत असंही लिहिता येत नाही. ते दुखवट्यात आहेत. त्याला आमच्याकडे रकाना नाही.

निघताना मी तिला एसरसची पिशवी दिली. पहाऱ्यावरून ती आमच्याकडे सोपवली होती आणि सप्टेंबरपासून कपाटात होती. तिने एकेक वस्तू काढून मांडीवर ठेवली : चकमक, सुरी, रुमालात बांधलेली चेस्टनटं, आणि हरणाच्या कातड्याचे मऊ जोडे, वर लाल मणी. बाईच्या मापाचे. रेबेकामावशीचे पाय मोठे आहेत. तिने ते जोडे पाहिले, मग खाली माझ्या पायांकडे पाहिलं. बाकीचं पिशवीत भरलं आणि गेली.

जोडे इथेच विसरली. पाठवायला हवेत.

बुधवार, २० मार्च.

दुरुस्ती लिहून मिस्टर पेनरोजकडे गेले. एक पान. काल सहा वेळा लिहिलं.

त्यांनी वाचलं. "बैल?"

"हो."

"म्हणजे मी गव्हर्नरसाहेबांना लिहू की आमचं शिष्टमंडळ एका बैलाकडून हरलं?" ते मनापासून हसले. मलाही हसावं लागलं. मग म्हणाले, "मिस एंगेल्ती, अहवाल लंडनच्या जहाजात चढला. आता काय जहाजामागे पोहत जाणार?"

"पण माणसं अजून निघाली नाहीत."

"त्यांना कोणी मारेल असं तुमची मावशी म्हणाली का?"

"नाही. कोणी सांगणार नाही असं म्हणाली."

"गप्प बसण्याला धोका म्हणायचं तर माझी आत्या फार धोकादायक होती."

मी तीन सरांचं बोलले. म्हटलं, आत्ता पाठवले तरी ८ एप्रिलच्या आत पोचतील. त्यावर ते हसायचे थांबले. उठून दार लावून आले.

"सर पाठवले म्हणजे आपल्या पहारेकऱ्याने माणूस मारला हे आपण कबूल केलं."

"मारलाच ना."

"मारला. कबूल केला नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ठेवणं हेच माझं काम आहे." हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. एखादं गणित समजावून द्यावं तसं म्हटलं. मग माझा कागद खणात ठेवला, खणाला कुलूप लावलं. "एक विचारू? मूळ अहवालावरची सही तुमच्या वडिलांचीच ना?"

मी खणाच्या कुलपाकडे पाहिलं.

"मी काही विचारलं नाही," ते म्हणाले आणि मला दारापर्यंत पोचवायला आले. घसरेन म्हणून पायरीवर हात दिला. ते माझ्याशी नेहमीच चांगले वागतात. आपलाच गैरसमज होत असेल का, असा विचार करत घरी आले.

बुधवार, २७ मार्च.

कारभाऱ्यांचे प्रमुख कर्नल टेर हार स्वतः घरी आले. बाबांसाठी डुकराची मांडी आणली, धुरी दिलेली. बाबा बहिरे झालेत असं समजून मोठ्याने बोलत होते.

"हार्मन! तुझं बरं आहे बघ! बोलायची कटकट नाही, बायकांचं ऐकून घेतलं की झालं!"

मग मला म्हणाले, "बाळ, पेनरोजने मला सांगितलं. तू फार विचार करतेस. माझी थोरलीही अशीच होती, लग्न झाल्यावर थांबली. हे बघ, नवा दुभाषा इतक्यात नेमायचा नाही असं मी ठरवलंय. हार्मन आहे तोवर काम हार्मनचं, घर हार्मनचं. कागद आहेत तसे राहिले म्हणजे सगळंच आहे तसं राहतं."

मी आभार मानले.

हेस्टरने त्यांना विचारलं, "कर्नलसाहेब, पेरणी थोडी लांबली तर चालेल का? मुलगी खोकते आहे."

"मेच्या पहिल्या तारखेपर्यंत नांगर फिरला नाही तर कुळाचा हक्क संपतो, हेस्टर. करार मी नाही लिहिला, माझ्या वडिलांनी लिहिला." बोव्हनकिलची सगळी जमीन त्यांची आहे. बावीस कुळं पाच महिने कसायला नाहीत, याची त्यांना फार काळजी वाटते. जाताना त्यांनी मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला.

मांडी छान होती असं सगळे म्हणतात. मला चव कळली नाही.

शनिवार, ३० मार्च.

नदीतला बर्फ फुटला. तीन होड्या उलट्या घालून डांबर लावताहेत. मी खिडकीत बसून मोजलं : बोव्हनकिलला जाणारी एकशे सात माणसं, त्यांत पंचेचाळीस मुलं. आधी चव्वेचाळीस लिहिलं होतं. लोहाराकडे मंगळवारी एक झालं.

हे आकडे लिहिताना काही वाटायला हवं होतं.

गुरुवार, ४ एप्रिल.

आज हेस्टरला सांगितलं. ती गाद्या बांधत होती.

"ताई, जाऊ नका."

"झालं सुरू हिचं." गाठ मारायला तिने गुडघा गादीवर दाबला. "लहानपणी तळघरात बेडूक दिसला तर तीन दिवस उतरली नव्हतीस."

"बेडूक होता तिथे."

"होता गं. पण त्याने खाल्लं का कुणाला?"

मग मी सगळं सांगितलं. बैल, शुद्ध प्रत, तीन सर, रेबेकामावशी काय म्हणाली ते. सहीपर्यंत आले तेव्हा तिने दोर सोडून दिला.

"तू लिहिलंस? बाबांनी नाही?"

"मी."

"तो शब्दसुद्धा?"

"तोसुद्धा."

ती गादीवर बसली. खाली मुलं कुत्र्याला टोपी घालत होती, त्याचा गोंधळ ऐकू येत होता.

"टूनिस कर्नलकडे जाईल," ती अखेर म्हणाली. "कर्नल म्हणतील पोरीचं डोकं फिरलंय. आणि आमचं शेत लोहाराच्या भावाला मिळेल. एकवीस घरं गेली आणि आम्हीच राहिलो तर आम्ही संपलो, एंगेल. सगळे थांबले तर मी थांबेन. सगळी बावीस घरं थांबली तर कर्नल काय करणार, स्वतः नांगर धरणार? पण एकटी मी थांबणार नाही. तुझ्या एका शब्दावर निघालो, आता तुझ्याच एका शब्दावर राहायचं?"

मी म्हटलं, तू म्हणतेस ते बरोबर आहे.

"असं शांतपणे बरोबर आहे म्हणू नकोस गं! ओरड तरी माझ्यावर! सप्टेंबरपासून घरात एक बाहुली हिंडते आहे, मला भीती वाटते तुझी." तिने पुन्हा दोर ओढला. मग तोंड फिरवूनच म्हणाली, "धर ते टोक."

मी टोक धरलं. सगळ्या गाद्या बांधून झाल्या.

दुपारी दुरुस्तीचा कागद बाबांना वाचून दाखवला. सातवी प्रत. या वेळी उशी नीट केली नाही, नुसती वाट पाहिली. त्यांनी डाव्या हाताने कागद स्वतःकडे ओढला आणि लेखणीसाठी बोटं उघडली. मी लेखणी दिली आणि दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिले. नाव लिहायला फार वेळ लागला. अक्षरं लहान मुलाची आहेत, एक ठिपका पडला आहे, पण नाव वाचता येतं. नावाखाली त्यांनी तीन रेघा ओढल्या, एकीखाली एक. कशासाठी ते कळलं नाही. टाकात शाई उरली असेल.

मी त्यांना म्हटलं, "बाबा, घर जाईल." त्यांनी लेखणी माझ्या हातात दिली आणि डोळे मिटले.

शुक्रवार, ५ एप्रिल.

काय करायचं ते लिहून ठेवते. लिहिलं नाही तर मी पुन्हा काहीतरी गाळेन.

कारभाऱ्यांना सांगून झालं. मिस्टर पेनरोजकडचा कागद खणात आहे. एका घराला सांगून उपयोग नाही, हेस्टरने ते दाखवून दिलं. बावीसही घरांना एकाच वेळी, एकाच शब्दात सांगायला हवं. ती सगळी माणसं होडीत बसायच्या आधी एकदाच एका छताखाली असतात.

देवळात आईची जागा माझ्या नावावर आहे. मधल्या ओळीत, चौथी, डावीकडून. पुरुषांच्या जागा भिंतींना लागून, कर्नल टेर हार समोरच बसतात. मिस्टर पेनरोज इंग्रजांच्या देवळात जातात, ते नसतील. आमच्या डच देवळात बाई आजवर उभी राहून बोललेली नाही. देवळात सूचना वाचून दाखवणाऱ्या वाचकाला चिठ्ठी दिली असती, पण तो आधी कर्नलना दाखवेल.

चार वाक्यं केली आहेत. पाठ केली. पहिलं : नोव्हेंबरचा अहवाल माझ्या वडिलांनी लिहिला नाही, मी लिहिला. दुसरं : मोहॉकांनी होकार दिलेला नाही, आणि आपण एसरससाठी तीन सर पाठवल्याशिवाय ते होकारही देणार नाहीत, खबरही देणार नाहीत. तिसरं : ही माझ्या वडिलांची सही आहे, या वेळी त्यांनी स्वतः केलेली. चौथं : तोवर कोणी वर जाऊ नका, सगळे मिळून थांबा.

एसरसचं नाव घ्यावं की 'मेलेला मोहॉक' म्हणावं याचा सकाळभर विचार केला. नाव घ्यायचं. तळघरात जाऊन मोठ्याने म्हणून पाहिलं. पहिल्या वाक्यापर्यंत आवाज ठीक होता. दुसऱ्यात नावापाशी थांबला. पुन्हा म्हटलं, पुन्हा तिथेच थांबला. पाचव्या खेपेला कसंबसं पार झालं, तेव्हा गाल ओले झाले होते. तळघरात ओल फार आहे.

लोक बसतील की उठून जातील हे माहीत नाही. हेस्टर माझ्याकडे पाहील की खाली, तेही माहीत नाही. त्यांनी ऐकलं नाही तरी होड्या सोमवारी सकाळपर्यंत बांधलेल्याच असतील, म्हणजे घरोघर जायला एक दुपार उरते.

प्रवचन संपल्यावर, वाचक सूचना वाचायला उठण्याआधी मी उभी राहीन. रविवार, ७ एप्रिल.